रक्तदाबाची गोळी मधेच का सोडू नये



मागच्या अंकात आपल्या वीटभट्टीवरच्या आरोग्य तपासणीचा वृत्तान्त आला होता. तो वाचून उपासनेनंतर बरेच जण मला येऊन भेटले. भट्टीवरच्या लोकांविषयी विचारतील असे वाटले होते, पण बहुतेकांचा प्रश्न स्वतःबद्दलचा निघाला. "सिस्टर, माझे बीपी आता नॉर्मल येते. गोळी बंद केली तर चालेल ना?" काही जण तर बंद करून मोकळेही झाले होते आणि फक्त माझी मान कधी हलते याची वाट पाहत होते. मंदिराच्या पायरीवर उभ्या उभ्या देण्यासारखे हे उत्तर नाही, म्हणून संपादकांकडे जागा मागून घेतली.

मी काल्हेरला राहते. ठाण्याहून बाळकुमच्या पुढे कशेळीचा खाडीपूल ओलांडला की जुन्या आग्रा रोडवर आधी कशेळी आणि मग काल्हेर लागते. पूर्वी इथे भातशेती आणि खाडी एवढेच होते; आता दोन्ही अंगांना गोदामे, मधे ट्रकांची रांग आणि डोक्यावर मेट्रोचा पूल. ३३ वर्षे मी परिचारिका म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर महिन्यातून दोनदा आपल्या पथकाबरोबर भिवंडी तालुक्यातल्या आदिवासी वाड्यांवर आणि भट्ट्यांवर जाते. माझे काम म्हणजे दंडाला पट्टा बांधायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. किती दंडांना पट्टा बांधला असेल त्याची मोजदाद नाही. तरीही एकदा मी स्वतःची बीपीची गोळी बंद केली होती. मंडळीत हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

२०१८ साली, ५५व्या वर्षी, माझा दाब १५८/९६ भरला. आठवड्याने पुन्हा मोजला, तसाच. डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची रोज एक गोळी दिली. तीन महिन्यांत आकडा १२६/८० वर आला आणि तिथेच राहिला. पुढच्या वर्षी डिसेंबरात मुलीचे लग्न होते. त्या धावपळीत गोळ्यांची स्ट्रिप संपली. आज आणू, उद्या आणू करत दहा दिवस गेले. मोजून पाहिले तर १३४/८४. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! गोळीशिवायही आपला दाब ठीक राहतो, मग उगाच पोटात औषध कशाला, असे मी स्वतःला समजावले. आणि मग मोजणेही सोडले, कारण मोजले असते तर कदाचित गोळी सुरू करावी लागली असती. हा मनाचा खेळ मला तेव्हाही थोडासा कळत होता.

फेब्रुवारीत एका सकाळी चहा गाळताना उजव्या हातातून गाळणे पडले. उचलायला गेले तर बोटे वळेनात. यजमानांनी विचारले काय झाले, तर तोंडातून शब्द सरळ येईना. वीसेक मिनिटांनी सगळे पूर्ववत झाले, जणू काही घडलेच नव्हते. दवाखान्यात दाब मोजला तो १९६/११२. मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला आणि पुन्हा सुरू झाला, असे डॉक्टरांनी सांगितले. याला छोटा झटका म्हणतात, आणि तो येऊन गेलेल्याला पुढच्या काही दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका बराच असतो. देवाने मला वाचवले असे मी मानते. पण तो प्रसंग मी स्वतःच ओढवून घेतला होता, हेही तितकेच खरे.

गोळीने नेमके काय होते, ते आता सांगते. काल्हेरच्या इमारतींत राहणाऱ्यांना पंप आणि पाइप समजावून सांगावे लागत नाहीत. हृदय हा पंप, रक्तवाहिन्या हे पाइप. हृदय दिवसात सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. ते आकुंचन पावताना वाहिन्यांच्या भिंतींवर जो जोर पडतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मधे जो उरतो तो खालचा. वयानुसार वाहिन्या ताठर होत जातात, जास्त मिठाने अंगात पाणी धरले जाते, वजन वाढते, आणि त्याच पंपाला अधिक जोर लावावा लागतो. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त भरले, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. बहुतेक मोठ्या माणसांत त्याचे एकच असे कारण सापडत नाही. म्हणून कारण काढून टाकून तो कायमचा बरा करणे जमत नाही. गोळी वाहिन्या सैल ठेवते किंवा जादा मीठपाणी लघवीवाटे काढते, तेही घेतलेल्या मात्रेचा असर असेपर्यंतच.

टायफॉइडचे औषध जंतू मारते, कोर्स संपला की विषय संपतो. बीपीची गोळी तशी नाही, ती चष्म्यासारखी आहे. चष्मा लावून बायबल नीट वाचता आले म्हणून आपले डोळे बरे झाले असे आपण म्हणत नाही, आणि चष्मा काढून ठेवत नाही. १२६/८० हा आकडा माझा नव्हता, माझा आणि गोळीचा मिळून होता. शिवाय फसगत अशी की ॲम्लोडिपिनसारख्या गोळीचा असर चार-सहा दिवस हळूहळू उतरतो, आणि त्यानंतरही दाब लगेच उसळत नाही, आठवड्या-आठवड्याने वर सरकतो. दहाव्या दिवशी आलेल्या १३४/८४ ने मला हेच फसवले. उलट ॲटेनोलॉलसारख्या काही गोळ्या एकदम तोडल्या तर दाब आणि नाडी चटकन उसळतात, छातीत दुखू शकते. त्यामुळे कोणतीही गोळी थांबवायची वेळ आली, तर ती डॉक्टरने थांबवायची.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काहींची गोळी खरोखर कमी होते. दहा-बारा किलो वजन उतरले, मीठ आवरले, दारू सुटली, तर डॉक्टर मात्रा निम्मी करतात, क्वचित कुणाची बंदही करतात. पण ते मोजत मोजत, महिनोन् महिने लक्ष ठेवून. "बरे वाटते" हा त्याचा आधार होऊ शकत नाही. दाब १७० असतानाही माणसाला बरेच वाटत असते. डोके दुखले की बीपी वाढले आणि नाही दुखले की ठीक आहे, ही आपली समजूत अनेकांना महागात पडली आहे.

आपण ज्या काळात राहतो त्याचीही जाणीव असावी. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ भरला होता. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असून त्यांच्याकडे देण्यासारखे धड औषध नव्हते. विश्रांती घ्या, मीठ कमी करा, सिगारेट कमी करा, एवढेच. १२ एप्रिल १९४५ ला डोक्याच्या मागच्या बाजूला प्रचंड दुखते आहे असे म्हणत ते कोसळले. तेव्हा दाब ३००/१९० होता. मेंदूत रक्तस्राव होऊन त्याच दिवशी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर चारच वर्षांनी आपल्या मुंबईतून एक बातमी जगभर गेली. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवर पडताळून १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लिहिले. ही मुळी आपल्याकडचे वैद्य पिढ्यान् पिढ्या वापरत आले होते. १९५२ मध्ये तिच्यातले रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले, आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांवर एक चाचणी झाली. तिच्या औषधांत हेच रेसर्पिन होते. १९६७ साली निकाल आला: खोटी गोळी घेणाऱ्या ७० जणांपैकी २७ जणांवर गंभीर आघात झाले, खरे औषध घेणाऱ्या ७३ जणांपैकी फक्त दोघांवर. गोळीने नुसता आकडा उतरत नाही, माणूस वाचतो, हे तेव्हा कळले.

ही हकीकत वाड्यांवर सांगितली की हमखास कुणी म्हणते, "मग मुळीच खातो की, सिस्टर!" नको. उगाळलेल्या मुळीत औषध किती उतरले ते कळत नाही, आणि त्या औषधाने मन खचते, नाडी मंदावते. म्हणूनच आज त्याहून सुरक्षित गोळ्या आल्यावर डॉक्टर ते सहसा देत नाहीत.

आता भट्टीकडे येते. आपल्यापैकी अनेकांना वाटते की आदिवासी माणूस नाचणीची भाकरी खातो, दिवसभर राबतो, त्याला कुठले आले बीपी? डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ साली आदिवासी आरोग्यावर जो अहवाल सरकारला दिला, त्यात दर चार प्रौढ आदिवासींमागे एकाला उच्च रक्तदाब असल्याचे म्हटले आहे. गडचिरोलीच्या ८६ गावांत दोन वर्षांतल्या मृत्यूंची कारणे शोधली गेली, तेव्हा साप किंवा मलेरिया नव्हे तर पक्षाघात पहिल्या क्रमांकावर आला. दर सात मृत्यूंमागे एक. ॲमेझॉनच्या जंगलात यानोमामी नावाचे लोक आहेत. त्यांच्या जेवणात मीठ जवळजवळ नसतेच. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ ठिकाणांच्या एका जागतिक पाहणीत त्यांचा सरासरी दाब ९५/६१ भरला, आणि वय वाढले तरी तो चढत नव्हता. जंगलातल्या माणसाला दाब होत नाही असे नाही. त्याच्या ताटात आपल्या दुकानातले मीठ, तंबाखू आणि दारू पोचली की त्यालाही होतो.

दिवाळी झाली की शहापूर, वाडा, मोखाडा, जव्हार या भागांतून कातकरी आणि इतर कुटुंबे उचल घेऊन भिवंडीकडच्या भट्ट्यांवर येतात, आणि पाऊस लागेपर्यंत राहतात. २०२२ च्या डिसेंबरात अशा एका भट्टीवर चाळिशीतल्या एका दादाचा दाब १८२/११० भरला. काटक, पोट पाठीला लागलेले. आमच्याबरोबरच्या डॉक्टरांनी महिन्याच्या गोळ्या आणि चिठ्ठी दिली. मी म्हणाले, "दादा, रोज एक घ्या, विसरू नका." त्याने मान डोलावली. दहा-बारा दिवस घेतली. मग बरे वाटले, म्हणून उरलेल्या गोळ्या झोपडीच्या कुडात खोचून ठेवल्या, पुन्हा बरे नाही वाटले तर असाव्यात म्हणून. पाठ मात्र रोजच दुखायची, त्यासाठी दुकानातून दुखण्याची गोळी रोज संध्याकाळी चालू होती. फेब्रुवारीत त्याच्या अंगावरून वारे गेले. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

मी पाहायला गेले तेव्हा त्याची बायको एकटी विटा थापत होती आणि तिसरीतला मुलगा शाळा सोडून माती मळायला लागला होता. उचल फिटायची होती. तिने कुडातली स्ट्रिप काढून मला दाखवली. "बाय, यानी कवाच टाकल्या नाय, जपून ठेवल्या," ती म्हणाली. तिला वाटत होते की तिने काळजी घेतली, आणि तिच्या समजुतीप्रमाणे घेतलीच होती. चुकले ते माझे. मी "रोज घ्या" म्हटले, "बरे वाटले तरी घ्या" असे म्हटले नाही. माझ्या हातातून गाळणे पडल्याला तेव्हा तीन वर्षे होत आली होती. ती गोष्ट मी त्याला सांगितली असती तर त्याने ऐकले असते की नाही, कोण जाणे. पण मी लाजेने सांगितली नाही. आता भट्टीवर बसले की आधी तीच सांगते.

दुखण्याच्या गोळ्यांचे वेगळे सांगते, कारण त्या आपल्याही घरोघरी असतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोजच्या रोज घेतल्या तर अंगात मीठपाणी धरले जाते, दाब चढतो, बीपीच्या गोळीचा असर कमी होतो आणि मूत्रपिंडे खराब होतात. गुडघेदुखीवाल्या आमच्या मावश्यांनी हे डॉक्टरांना जरूर विचारावे. दुकानदाराने पुडीत बांधून दिलेल्या तीन रंगांच्या गोळ्या कधीही घेऊ नयेत. त्यांत स्टिरॉइड असू शकते.

बीपीच्या गोळ्यांनाही त्रास असतो, नाही असे नाही. ॲम्लोडिपिनने कुणाच्या घोट्यांना सूज येते. एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो आणि घरचे कफाची औषधे पाजत बसतात. लघवीच्या गोळीने उन्हाळ्यात किंवा जुलाब-उलट्यांत थकवा, चक्कर येते. यातल्या प्रत्येकाला पर्याय आहे. गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते, दोन गोळ्या थोड्या थोड्या देता येतात. त्यामुळे त्रास झाला तर डॉक्टरकडे परत जायचे. एक महत्त्वाचे: टेल्मिसार्टन, एनालाप्रिल या गोळ्या गरोदरपणी चालत नाहीत. घरात तरुण सून किंवा मुलगी बीपीचे औषध घेत असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे.

किती उपयोग होतो, असेही विचारले जाते. वरचा आकडा दहाने उतरला आणि उतरलेला राहिला, तर पक्षाघाताचा धोका सुमारे पाव भागाने कमी होतो. मला तेवढे पुरेसे वाटते.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, ताटातले, भाजीतले, लोणच्या-पापडातले सगळे धरून. हे मोजायचे कसे? मी मिठाची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहायला लागले. आम्ही दोघे, किलोची पिशवी शंभर दिवस पुरायला हवी. आमची पन्नास दिवसांत संपत होती! वर फरसाण आणि वडापावचे वेगळेच. तुमच्या घरी चार माणसे असतील तर पिशवी पन्नास दिवस टिकते का ते पाहा. सैंधव घेतल्याने फरक पडत नाही, तेही मीठच.

आमच्या खाडीकाठच्या घरांत सुक्या मासळीवाचून पावसाळा जात नाही. ती सोडा असे मी सांगणार नाही, माझे मीच ऐकणार नाही. पण सगळी सुकी मासळी सारखी नसते. वलांडीवर वाळवलेले बोंबील बहुतेक मीठ न लावता सुकवलेले असतात. खारवलेला बांगडा किंवा सुरमई मिठातच मुरलेली असते. खारी मासळी आणली तर कोमट पाण्यात दोनदा भिजवून ते पाणी टाकायचे, आणि कालवणात मीठ घालायचेच नाही. भाताला मीठ नको, भाकरीच्या पिठाला नको. सुरुवातीला यजमान ताटावर बसून "आज चव नाही" म्हणायचे. मी लिंबू, कोकम, ओली मिरची, लसूण यांवर भर दिला. तीन-चार आठवड्यांत जीभ सुधारते. आता बाहेरचे खाल्ले की त्यांनाच खारट लागते.

बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते, त्यात काही भाग पोटॅशियमचा असतो. चीनच्या ६०० खेड्यांत जवळजवळ २१ हजार लोकांवर ते वापरून पाहिले, तेव्हा पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. २०२१ साली तो निकाल प्रसिद्ध झाला. चांगले आहे, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, एनालाप्रिलसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्तात पोटॅशियम वाढले तर हृदयाला धोका होतो.

भट्टीवर मात्र मी मीठ तोडायला सांगत नाही. उन्हात दिवसभर घाम गाळणाऱ्याला पाणी भरपूर आणि जेवणातले नेहमीचे मीठ लागते. तिथे मिश्री आणि दारूबद्दल बोलते. भट्टीवरच्या बाया सकाळी उठल्या की मिश्री लावतात, भूक मारायलाही लावतात. तंबाखू दाताला लावा की ओढा, नाडी आणि दाब दोन्ही चढवते. खर्ची मिळाल्या रात्री भट्टीवर काय होते ते आपल्यापैकी जे कधी मुक्कामाला आले त्यांनी पाहिले आहे.

चालण्याविषयी तुम्हाला ठाऊक आहेच. आठवड्यात दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. काल्हेरच्या हमरस्त्यावर ट्रकांमुळे ते शक्य नाही, म्हणून आम्ही इमारतीच्या आवारातच फेऱ्या मारतो.

मोजण्याच्या चुकीमुळेही अनेक घोटाळे होतात. जिने चढून येऊन लगेच हात पुढे करायचा नाही. पाच मिनिटे पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, पायावर पाय टाकू नका. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवी करून या. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला, आणि गप्प बसा. मी भट्टीवर सर्वांत जास्त वेळा हेच सांगते, कारण पट्टा फुगला की लोकांना घरच्या सगळ्या गोष्टी आठवतात. मिनिटभराने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. घरी शांतपणे मोजलेला आकडा १३५/८५ च्या खाली हवा. १८०/११० च्या पुढे गेला तर त्याच दिवशी डॉक्टर.

काही जणांनी हळूच विचारले की प्रार्थनेने बरे वाटत असता गोळी घेत राहणे म्हणजे विश्वास कमी आहे का. पौलाबरोबर हिंडणारा लूक वैद्य होता, आणि पौलाने त्याचा उल्लेख प्रिय वैद्य असाच केला आहे. मी रात्री प्रार्थना करते आणि गोळीही घेते.

गोळी घरी विसरू नये म्हणून ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा. माझी आता चहाच्या डब्याशेजारी असते. स्ट्रिपमध्ये सात गोळ्या उरल्या की नवी आणायची. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात या गोळ्या मोफत मिळतात, जन औषधी केंद्रात स्वस्त. भट्टीवरच्यांची अडचण वेगळी. कार्ड गावच्या उपकेंद्राचे, गोळ्या महिन्याच्या, आणि मुक्काम सात महिने परगावी. शहापूरकडच्या एका मावशीने मला सरळ विचारले होते, "गोळी गावाला भेटते. इथं कोण देईल?" तिला आम्ही पडघ्याच्या केंद्रात नेले. कार्ड दाखवल्यावर गोळ्या मिळाल्या. पण एका फेरीत अर्ध्या दिवसाची थापणी बुडाली, म्हणजे मजुरी बुडाली. म्हणून आता पथकातला एक जण महिन्यातून एकदा सगळ्यांची कार्डे घेऊन जातो, आणि मोजणी आम्ही भट्टीवरच करतो. गेल्या हंगामात आमच्या वहीत २३ नावे होती. पाऊस लागून ती कुटुंबे परतली तेव्हा १४ जणांची गोळी चालू होती. नऊ जण मधेच दुसऱ्या भट्टीवर गेले किंवा त्यांनी सोडून दिली, त्यांचा पत्ता लागला नाही. ती मावशी चौदा जणांत आहे. तिचा शेवटचा आकडा १३८/८६.

चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात उचलेना, बोलणे बोबडे झाले, यातले काहीही अचानक दिसले तर वाट पाहू नका, माझ्यासारखे वीस मिनिटांत ठीक झाले तरी. १०८ ला फोन करा आणि लक्षण किती वाजता सुरू झाले ते लक्षात ठेवा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. तोंडात पाणी, औषध, बीपीची जादा गोळी काही घालू नका. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जाते.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर मी सभागृहात मशीन घेऊन बसणार आहे. येताना चालू असलेल्या, बंद केलेल्या आणि दुखण्याच्या, सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घालून आणा. चहा मोजणी झाल्यावर प्यायचा आहे. ज्यांच्याकडे वापरात नसलेले पण चालू स्थितीतले दंडाचे बीपी मशीन असेल त्यांनी तेही आणावे. आमच्या दोनांपैकी एकाचा पट्टा फाटला आहे, आणि दिवाळीनंतर भट्ट्या पुन्हा सुरू होतील.